आयोवाचं वादळ आणि ९९ वर्षं कपाटात पडलेला शब्द

दर मंगळवारी सकाळी, चहाच्या आधी, मी आयोवाचं हवामान बघतो. बायको हसते. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या मक्या-सोयाबीनच्या शेताशी काय देणंघेणं? पण आमच्या मोंढ्यात जुलै-ऑगस्टचे चार दिवस बसून बघा. "शिकागो पडलंय" हे वाक्य तिथं कानावर येतंच. शिकागो का पडलं, तर आयोवा-इलिनॉयमध्ये वेळेवर पाऊस झाला. तिकडच्या शेतकऱ्याचं भलं झालं की इकडच्या घरात साठवलेल्या सोयाबीनचं पोतं स्वस्त होतं. २०१२ साली उलटं झालं. तिकडे मोठा दुष्काळ पडला आणि सप्टेंबरात शिकागोत सोयाबीन बुशेलला साडेसतरा डॉलरच्या वर गेलं, तोवरचा विक्रम. त्या वर्षी दुष्काळ आपल्याकडेही होता, त्यामुळे भाव होता तेव्हा पोत्यात माल नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तर अमेरिकेचं कृषी खातं हंगामात दर सोमवारी पिकांच्या स्थितीचा अहवाल काढतं. तिकडे दुपारचे तीन, आपल्याकडे रात्रीचा दीड. म्हणून मंगळवार सकाळ. आधी भावासाठी बघायचो. मग तिथल्या हवामानाच्या इतिहासात अडकलो. आजची पोस्ट त्याबद्दल आहे आणि लांब आहे. मोंढा बंद असेल त्या दिवशी वाचा.

सुरुवात १० ऑगस्ट २०२० पासून करतो. सोमवारच होता. कोविडचे दिवस. आयोवाच्या पश्चिम-मध्य भागात आधीच पावसाची ओढ होती. मका पुरुषभर उंच, कणसं भरायला लागलेली. पहाटे साउथ डकोटा आणि नेब्रास्काच्या हद्दीवर गडगडाटी ढग जमले. आदल्या रात्रीच्या मॉडेलांनी हे वादळ दाखवलं नव्हतं, निदान एवढं दाखवलं नव्हतं. ढग पूर्वेला सरकत गेले आणि सरकता सरकता त्यांचा धनुष्यासारखा बाक झाला. अकराच्या सुमारास राजधानी डे मॉइन, दुपारी साडेबाराच्या पुढेमागे सीडर रॅपिड्स, संध्याकाळच्या आत शिकागो. चौदा तासांत सुमारे १२४० किलोमीटर. सीडर रॅपिड्सजवळच्या ॲटकिन्स गावात ताशी २०० किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला. शहरात एका इमारतीची अवस्था बघून नंतर तज्ज्ञांनी अंदाज बांधला की तिथं वारा ताशी २२५ च्या घरात असावा. चक्रीवादळाचे हे आकडे, आणि समुद्र दीड हजार किलोमीटरवर.

हा टोर्नेडो नव्हता. टोर्नेडो गरगर फिरतो आणि त्याची पट्टी अरुंद असते. इथं वारा सरळ आला, भिंत सरकावी तसा, आणि काही ठिकाणी अर्धा-पाऊण तास थांबलाच नाही. शहरातली निम्म्याहून जास्त झाडं गेली. कित्येक घरांत आठवडाभर, काही ठिकाणी त्याहून जास्त, वीज नव्हती. शेतात मका सगळा एकाच दिशेला झोपला होता, जणू कुणी रूळ फिरवला. आयोवात साडेआठ लाख एकरांवरचं पीक काढताच आलं नाही. धान्य साठवायची पत्र्याची गोल कोठारं चुरगळलेल्या डब्यासारखी पडली. व्यापारी साठवणुकीचीच ५ कोटी ७० लाख बुशेलची क्षमता मोडली. मक्याच्या हिशेबात साधारण साडेचौदा लाख टन. एकूण नुकसान पुढे ११ अब्ज डॉलरवर गेलं. अमेरिकेच्या नोंदीतलं सगळ्यांत महागडं गडगडाटी वादळ ते हेच.

त्या दिवसानंतर बातम्यांत एक शब्द सारखा यायला लागला: देरेचो. स्पॅनिश शब्द, अर्थ 'सरळ'. खुद्द आयोवातल्या बऱ्याच लोकांना तो नवा होता. आणि गंमत अशी की हा शब्द जन्मला आयोवातच, आयोवातल्याच एका वादळावरून.

गुस्तावस हिनरिक्स नावाचा एक प्राध्यापक होता. जन्म १८३६, होल्स्टाइन प्रांतातला. तो भाग तेव्हा डॅनिश राजाकडे होता. १८६१ साली तो आयोवात आला आणि विद्यापीठात पदार्थविज्ञान-रसायन शिकवायला लागला. माणूस हुशार, हट्टी आणि भांडखोर. तीन गुण एकत्र आले की संस्थाही उभ्या राहतात आणि शत्रूही. १८७५ साली त्याने आयोवाची स्वतःची हवामान सेवा सुरू केली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची ही पहिली. (योगायोग बघा, आपला भारतीय हवामान विभागही १८७५ चाच. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि नंतरचे दुष्काळ यांनी सरकारला जाग आणली. हेन्री ब्लॅनफर्ड पहिला प्रमुख. आयोवात मात्र एक मास्तर स्वतःच्या हिमतीवर उठला होता.)

त्याची पद्धत साधी. राज्यभर स्वयंसेवक नेमायचे, पगार नाही. त्यांनी पाऊस मोजायचा, वारा-ढग टिपायचे आणि नोंद आयोवा सिटीला धाडायची. हिनरिक्स ती सगळी नकाशावर मांडायचा.

३१ जुलै १८७७ ला एक वादळ राज्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे गेलं. लोक म्हणाले टोर्नेडो. हिनरिक्सने नोंदी लावल्या तर दिसलं की झाडं एकाच बाजूला पडलीत आणि वादळाची आघाडी एका लांब वाकड्या रेषेसारखी पुढे सरकत गेली आहे. म्हणजे हे प्रकरण टोर्नेडोहून वेगळं. टोर्नेडोच्या नावात गरगर फिरणं आहे, म्हणून त्याने सरळ जाणाऱ्या या वादळाला 'देरेचो' म्हटलं. १८८८ साली अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, त्यात त्या १८७७ च्या वादळाचा नकाशाही दिला.

मला त्या नकाशाचं फार अप्रूप वाटतं. रडार नाही, उपग्रह नाही, विमान नाही. गावोगावच्या माणसांनी घड्याळ बघून लिहिलेल्या नोंदी, एवढंच भांडवल. २०२० च्या वादळाचं रडारचित्र बघा, तोच बाक दिसतो.

हिनरिक्सचा राग दुसऱ्या एका माणसावरही होता आणि ही कथा आम्हा पत्रकारांनी पाठ करावी अशी आहे. तेव्हा देशाचं हवामान खातं लष्कराकडे होतं, सिग्नल सर्व्हिस म्हणायचे. तिथला जॉन फिनली टोर्नेडोच्या मागे लागलेला. देशभरातून टोर्नेडोची माहिती जमवायचा. हिनरिक्सचं म्हणणं, हा सरळ वाऱ्यालाही टोर्नेडो ठरवतो आणि आमच्या राज्याची फुकट बदनामी होते. फिनलीने १८८४ साली टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज दिले आणि जाहीर केलं की अंदाज ९६.६ टक्के बरोबर आले. वा! कुठल्याही पेपरने पहिल्या पानावर घ्यावी अशी बातमी.

मग कुणीतरी हिशेब मांडला. एकूण अंदाज २८०३. टोर्नेडो येईल म्हटलं आणि आला, असं घडलं २८ वेळा. येईल म्हटलं आणि आला नाही, ७२ वेळा. येणार नाही म्हटलं आणि आला, २३ वेळा. उरलेले २६८० म्हणजे येणार नाही म्हटलं आणि आला नाही. या २६८० मुळेच टक्केवारी फुगली. माणसाने रोज डोळे मिटून "टोर्नेडो येणार नाही" एवढंच म्हटलं असतं, तर तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता! आमच्याकडे मार्चभर "आज पाऊस नाही" असं रोज म्हणणारा गडीही असाच तज्ज्ञ ठरेल. तरी फिनलीला मी मोडीत काढणार नाही. शंभर इशाऱ्यांत २८ खरे, हे त्या काळात कमी नव्हतं. पण वरच्यांनी वेगळाच मार्ग काढला. थोड्याच वर्षांत अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच वापरायचा नाही असं ठरलं. लोक घाबरतील म्हणे. ही अडचण थेट १९५० पर्यंत पुरती सुटली नाही. शब्द बंद केला म्हणून टोर्नेडो थोडेच बंद झाले.

हिनरिक्सचंही पुढे विद्यापीठाशी वाजलं. नोकरी गेली. १८८९ साली तो सेंट लुईसला निघून गेला. त्याची हवामान सेवा दुसऱ्यांच्या हातात गेली आणि 'देरेचो' शब्द जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात पडून राहिला. १९८७ साली रॉबर्ट जॉन्स आणि विल्यम हर्ट या दोघा हवामानतज्ज्ञांनी तो पुन्हा काढला, धूळ झटकली आणि शास्त्रीय व्याख्या करून वापरात आणला. ९९ वर्षं. तेवढ्या काळात अशी वादळं दर उन्हाळ्यात येतच होती. कोण त्यांना टोर्नेडो म्हणालं, कोण नुसतंच 'जोराचं वारं'.

माणसं गेली तरी मोजणं मात्र सुटलं नाही, आणि माझ्या मते या इतिहासातली खरी कमाई तीच आहे. १८९० साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून हवामान खातं लष्कराकडून काढून कृषी खात्याकडे दिलं, १ जुलै १८९१ पासून. अंदाज मुख्यतः कुणासाठी, याचं उत्तर तेव्हा स्पष्ट होतं. स्वयंसेवक निरीक्षकांचं जाळंही राष्ट्रीय झालं. आजही आठ हजारांवर माणसं ते काम करतात. आठ इंच तोंडाचं धातूचं नळकांडं, आत बारीक नळी. नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस नळीत दहा मिलिमीटर उंच दिसतो. पट्टी बुडवायची, ओली खूण वाचायची, वहीत लिहायचं. कुणी शेतकरी, कुणी पोस्टातला, कुणी निवृत्त शिक्षिका. एकाच घरात बापानंतर लेकाने नोंद चालू ठेवल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे पोलीसपाटीलकी चालायची तशी.

अंदाज पोचवायच्या तऱ्हाही मजेच्या. आधी झेंडे. पांढरा म्हणजे उघडीप, निळा म्हणजे पाऊस किंवा बर्फ, वर-खाली काळा त्रिकोण म्हणजे तापमान चढणार की उतरणार. पोस्टावर लावायचे, काही ठिकाणी रेल्वेच्या डब्यावर. खेड्यात घरपोच टपाल सुरू झाल्यावर पोस्टमन अंदाजाचं कार्ड देऊन जायचा. ३ जानेवारी १९२१ ला शेजारच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रेडिओवरून माणसाच्या आवाजात हवामान सांगायला सुरुवात झाली. उन्हाळ्यात गवत कापून वाळत घालायचं तर तीन दिवस उघडीप हवी. दुपारच्या अंदाजावर त्या दिवशीचं काम ठरायचं.

आता आमच्या बिरादरीतला एक माणूस. हेन्री वॉलेस. पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला, पण मुळात डे मॉइनच्या 'वॉलेसेस फार्मर' या घरच्या शेती साप्ताहिकाचा संपादक. नुसते अग्रलेख पाडणारा नव्हता. १९२० साली त्याने मक्याच्या पट्ट्यातल्या आठ राज्यांचे पाऊस, तापमान आणि उत्पादनाचे आकडे घेऊन, कोणत्या महिन्याच्या हवेने मका किती वाढतो-घटतो याचं गणित मांडलं. 'मंथली वेदर रिव्ह्यू' या हवामान खात्याच्या नियतकालिकात तो लेख छापून आला. शेतीच्या पेपराचा संपादक, वय तिशीच्या आसपास, आणि आकडेमोड हाताने! आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा आम्हाला टक्केवारी काढायलाही कुणी शिकवलं नव्हतं. आणि हे गणित उभं राहिलं कशावर? त्याच नळकांड्यांच्या वह्यांवर.

मिडवेस्टच्या उन्हाळ्याचं हे गणित आपल्यालाही समजून घेण्यासारखं आहे. तिथं आपल्यासारखा मोसमी पाऊस नाही. मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारं वर चढतं आणि उन्हाळ्याचा पाऊस बहुतेक गडगडाटी, तोही बराचसा रात्रीचा. एका शेतात दोन इंच आणि मैलभरावर थेंब नाही, हे रोजचं. आपल्या वळवाच्या पावसासारखं. मक्याला तुरा-रेशीम येतं जुलैत. त्या दोन-तीन आठवड्यांत ऊन तापलं, पाणी तुटलं, की परागकण मरतात आणि कणीस अर्धवट भरतं. सोयाबीनचं नशीब ऑगस्टच्या पावसावर. म्हणून शिकागोचा व्यापारी जुलैत मक्याचा अंदाज बघतो आणि ऑगस्टात सोयाबीनचा. हवेतला दमटपणाही निव्वळ आखाताचा नसतो. भर वाढीतला एक एकर मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. एका एकराला एक टँकर समजा. आयोवात मका आहे सव्वा कोटी एकरांच्या वर. मक्याला घाम आलाय, असं तिकडचे लोक म्हणतात. माणसाचा जीव त्या उकाड्यात मेटाकुटीला येतो आणि वादळाला आयतं इंधन मिळतं.

१९३४ आणि १९३६ ला हे सगळं उलटं फिरलं. आखाताची ओल आलीच नाही. २० जुलै १९३४ ला आयोवातल्या किओककमध्ये ११८ फॅरनहाइट, म्हणजे ४७.८ सेल्सिअस. हा राज्याचा उच्चांक आजही मोडलेला नाही. १९३६ चा जुलै तर पुरता भाजून काढणारा. १४ जुलैला राज्यातल्या ११३ केंद्रांचं सरासरी कमाल तापमान ४२.६ सेल्सिअस होतं. एका गावाचा हा आकडा नाही, सगळ्या राज्याची सरासरी आहे! तेव्हा घरोघरी पंखेसुद्धा नव्हते. माणसं अंगणात, गवतावर झोपायची. देशभर उष्म्याने हजारो मेले. तेव्हा कृषिमंत्री होता हाच वॉलेस आणि हवामान खातं त्याच्याच हाताखाली. त्या दुष्काळात संकरित मका जुन्या वाणांपेक्षा तग धरून राहिला, हे शेतकऱ्यांनी बांधावरून बघितलं. आयोवात संकरित मका चारेक वर्षांत दहा टक्क्यांखालून नव्वदच्या आसपास गेला. (संकरित बियाण्याची कंपनीही वॉलेसनेच १९२६ साली काढलेली. मंत्री, संपादक आणि बियाणेवाला एकच माणूस. आजच्या काळात आम्ही त्याच्यावर बातम्यांची मालिका केली असती, आणि करायलाही हवी होती.)

१९४० ला हवामान खातं कृषीकडून वाणिज्य खात्याकडे गेलं. विमानांचा जमाना आला होता. शेतीसाठीचा वेगळा अंदाज तरी चालूच राहिला: पेरणीच्या वेळी जमिनीचं तापमान, फवारणीसाठी वारा, गवत वाळवायला उघडीप. १९६५-६६ पासून पावसाची शक्यता टक्क्यांत द्यायला लागले. आणि मग १ एप्रिल १९९६. संसदेने पैसे काढून घेतले आणि राष्ट्रीय हवामान सेवेने शेतीचे खास अंदाज बंद केले. कारण काय, तर हे काम खासगी कंपन्या करतील. केलंही त्यांनी. ओमाहाच्या एका कंपनीची यंत्रं तर ऐंशीच्या दशकापासूनच शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात महिन्याच्या वर्गणीवर भाव आणि हवामान दाखवत होती. ज्याला वर्गणी परवडते त्याला सेवा उत्तम मिळाली, यात वाद नाही. फक्त रडार, उपग्रह, फुगे आणि नळकांडी सरकारच्या पैशाची राहिली. त्यातून शेतकऱ्यासाठी काढलेलं सार तेवढं विकत झालं.

आता पुन्हा २०२० वर येतो. त्या दिवशी इशारे दिले गेले नव्हते असं नाही. वादळ उभं राहिल्यावर हवामान कार्यालयांनी गावागणिक इशारे दिले, वेळ हातात ठेवून दिले. पण ते इशारे होते 'तीव्र गडगडाटी वादळा'चे. टोर्नेडोचा इशारा असला की मोबाइल आपोआप किंचाळतो. गडगडाटी वादळाच्या इशाऱ्याला तेव्हा तशी सोयच नव्हती. उन्हाळ्यात असे इशारे तिथं उठसूट येतात. सगळ्यांना फोन वाजवला तर लोक फोनच बंद करतील, हा त्यामागचा विचार. म्हणजे ताशी ९५ किलोमीटरचं वारं आणि २०० चं वारं, दोघांना एकच नाव आणि एकच गप्प फोन. ज्यांचा टीव्ही चालू होता, ज्यांनी भोंगा ऐकला, ते तळघरात गेले.

वर्षभराने, २ ऑगस्ट २०२१ पासून, नियम बदलला. वारा ताशी १३० किलोमीटरच्या घरात किंवा गारा सात सेंटिमीटरच्या असतील, तर इशाऱ्यावर 'विध्वंसक' असा शिक्का मारायचा आणि फोन वाजवायचा. या बदलात आयोवाच्या त्या सोमवारचा मोठा वाटा आहे. सरळ वारं ही वेगळी चीज आहे, तिला वेगळं नाव द्या, हे सांगणारा लेख तेव्हा १३३ वर्षांचा झाला होता.

आणि २०२५ मध्ये काय झालं? अमेरिकेच्या हवामान सेवेतून नोकरकपात आणि लवकर निवृत्ती मिळून पाचशेहून अधिक माणसं कमी झाली. मार्चमध्ये जाहीर झालं की नेब्रास्कातल्या ओमाहा आणि साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीहून हवेत सोडायचे फुगे माणसांअभावी थांबवतोय. फुगा वर जाताना उंचीगणिक तापमान, ओल आणि वारा मोजत जातो आणि मॉडेल त्याच आकड्यांवर चालतात. नकाशा काढून बघा. १० ऑगस्ट २०२० चं वादळ जमलं ते याच दोन ठिकाणांच्या मुलखात.

हे सगळं मी तिकडच्या सरकारला नावं ठेवायला लिहीत नाही. आपल्याकडेही २०२४ च्या सुरुवातीला कृषी विज्ञान केंद्रांतली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली गेली. कंत्राटी पोरं होती, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्यापुरता सल्ला काढायची. जुनी १३० मोठी केंद्रं राहिली. परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला अजून येतो, चांगला असतो, पण तो आठ जिल्ह्यांकडे बघून लिहिलेला. तुमच्या तालुक्यात कालच चाळीस मिलिमीटर पडलाय की चार, हे त्याला कळणं अवघड. केंद्रं बंद झाल्याची बातमी आमच्या भागात एका कॉलमात आली. मी स्वतः ती आतल्या पानावर वाचली आणि पान उलटलं, हे कबूल करतो.

कबुली द्यायचीच तर आणखी एक देतो. दहा-बारा वर्षं झाली असतील. जूनचा दुसरा आठवडा, मृग कोरडा चाललेला. हवामान विभागाच्या पत्रकात होतं, मराठवाड्यात काही ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार. आता 'काही ठिकाणी' याला त्यांच्या भाषेत नेमका अर्थ आहे, २६ ते ५० टक्के केंद्रांवर पाऊस. 'तुरळक' म्हणजे २५ टक्क्यांच्या आत. मला तेव्हा हे माहीत नव्हतं आणि विचारायची बुद्धीही झाली नाही. मी मथळा दिला, "तालुक्यात चार दिवस मुसळधार". पाऊस पडला म्हणा, पण शेजारच्या तालुक्यात.

आठ दिवसांनी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात एक म्हातारे शेतकरी समोर येऊन बसले. तोंडओळख होती. म्हणाले, "तुमी छापलं म्हनून म्या धुळपेर केली. आता दुबार बियाचे पैसे कोन देनार, ढग का तुमी?" मी म्हणालो, मामा, अंदाज आमचा नसतो, खात्याचा असतो. ते म्हणाले, "खात्याला म्या कुठं वळखतो? म्या तुमाला वळखतो." चहा त्यांनी माझ्याकडून घेतला नाही.

त्यानंतर मी हवामानाची बातमी करताना तीन गोष्टी शोधतो: अंदाज किती केंद्रांच्या आधारावर आहे, शब्दाचा खात्यातला अर्थ काय, आणि आमच्या मंडळात काल खरंच किती पडला. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, आणि मदतीच्या यादीत नाव. ६३ पडला तर नाही. म्हणजे आख्ख्या मंडळातल्या गावांचा निकाल एका यंत्रावर. मागच्या पावसाळ्यात मी आमच्या मंडळाचं यंत्र बघायला गेलो. कुंपण होतं. पण शेजारच्या लिंबाची फांदी थेट त्याच्या डोक्यावर आलेली.

तलाठी भाऊसाहेबांना फोटो पाठवला. बघतो म्हणाले. तीन आठवड्यांनी फांदी तोडली गेली. मधल्या काळात पडलेल्या पावसाची नोंद तशीच राहिली आहे.

तुमच्या मंडळाचं यंत्र नेमकं कुठं आहे, एकदा जाऊन बघा. फोटो काढा आणि मला पाठवा. गावात कुणाच्या घरी वडिलांनी-आजोबांनी लिहिलेली पावसाची जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका, मी येऊन बघून जाईन. आत्तापर्यंत दोन सापडल्यात. त्यातली एक १९७२ पासूनची आहे.